‘स्मृतिचित्रे’ : दोन बाप्तिस्म्यांमधली पाच वर्षे

रेव्हरंड नारायण वामन टिळक आमच्या जिल्ह्याचे. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे १८६१ साली त्यांचा जन्म झाला, आणि या गोष्टीचा उल्लेख झाल्याशिवाय आमच्याकडील ख्रिस्ती मंडळींचा साहित्यविषयक कार्यक्रम सहसा पार पडत नाही. वस्तुतः टिळक प्रॉटेस्टंट, अमेरिकन मराठी मिशनमधले, आम्ही कॅथलिक. पण अभिमानाच्या बाबतीत पंथभेद आड येत नाहीत, हे एक बरे आहे. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मात्र नाशिकजवळच्या जलालपूरच्या. जन्म १८६८ चा, माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेले त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र मराठी गद्यातील श्रेष्ठ पुस्तकांत गणले जाते आणि ते योग्यच आहे.

या पुस्तकाचे सर्वांगीण परीक्षण करण्याचा येथे आमचा विचार नाही. ते अधिकारी व्यक्तींनी केलेले आहे. आम्हांस केवळ एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधायचे आहे. आमच्या सभासंमेलनांत या पुस्तकाचे सार एका वाक्यात सांगण्याची रीत पडली आहे : कर्मठ ब्राह्मण घरातील एक स्त्री अखेर प्रभूच्या चरणी आली. वाक्य खोटे नाही. पण एवढेच वाक्य मनात घेऊन जो पुस्तक मिटतो, त्याने प्रवासाचे वर्णन वाचायचे सोडून केवळ मुक्कामाची पाटी वाचली, असे आम्ही म्हणू.

आम्ही स्वतः अनेक वर्षे तसेच वाचले. यंदा ते पुन्हा हाती घेण्यास एक निमित्त घडले. गणपतीच्या सुट्टीत पुण्याहून घरी आलेल्या आपल्या मुलाविषयी बोलण्यासाठी आमच्या धर्मग्रामातील एक माता आमच्याकडे आली. मुलगा शिकलेला, चांगल्या नोकरीत, घरच्यांवर माया करणारा. त्याने एका संध्याकाळी जपमाळेच्या वेळी शांतपणे सांगितले, की आपला देवावर विश्वास राहिलेला नाही आणि असल्याचे दाखवणे आपल्याला जमणार नाही. माता म्हणाली, “फादर, तुम्ही त्याला समजवा. तुमचं तो ऐकेल.” त्या बाईंच्या डोळ्यांत जे होते ते लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात आम्ही कुठेतरी वाचले होते, असे त्या रात्री आम्हांस वाटत राहिले. म्हणून पुस्तक काढले.

आणि ध्यानात आले, की त्या पुस्तकात ती माता टिळकांच्या बाजूला नाही, लक्ष्मीबाईंच्या बाजूला आहे. अर्थात सुरुवातीच्या लक्ष्मीबाईंच्या. ज्याच्यावर आपले आयुष्य टेकलेले आहे, त्या माणसाने आपला धर्म सोडला, हा धक्का सोसणारी जी स्त्री, ती तिथे हिंदू आहे. इथे कॅथलिक आहे. धक्का तोच.

टिळकांना नवा करार प्रथम आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाकडून मिळाला आणि पर्वतावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली, हे सर्वश्रुत आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या वेळी लक्ष्मीबाई त्यांच्याजवळ नव्हत्या. लहान मुलगा पदरी, सगळे नातेवाईक भोवती, आणि नवरा जिवंत असून संसार मोडलेला. आमच्या मते पुस्तकाचा हा भाग मराठी ख्रिस्ती वाचकांनी जितक्या गांभीर्याने वाचायला हवा होता तितका वाचलेला नाही. टिळकांची सदसद्विवेकबुद्धी स्वतंत्र होती आणि त्यांनी तिचे ऐकले, हे थोरच. पण त्या स्वातंत्र्याची किंमत त्यांनी एकट्याने मोजली नाही. तीतला मोठा वाटा अशा एका बाईने मोजला, जिला कोणी काही विचारलेच नव्हते. लक्ष्मीबाई हे कुठे आक्रोश करून सांगत नाहीत. त्यांचा स्वभावच तसा नव्हे. आपल्या फजितीवर हसता हसता त्या एकदम एखादे साधे वाक्य लिहून जातात आणि वाचणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो. नवऱ्याविषयी तक्रार आणि प्रेम ही दोन्ही एकाच दमात सांगण्याची ही जी त्यांची हातोटी, तिच्यामुळे टिळक या पुस्तकात संतपदी बसत नाहीत. लहरी, उधळे, लाघवी, घर सोडून केव्हाही निघून जाणारे, असे ते माणूसच राहतात. धर्मांतराच्या कथांत ही गोष्ट दुर्मीळ आहे. तेथे बहुधा एक अंधार असतो, एक प्रकाश असतो आणि मध्ये काही नसते.

‘स्मृतिचित्रां’त मध्येच सगळे आहे. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा आणि लक्ष्मीबाईंचा १९०० चा. ही मधली पाच वर्षे म्हणजे या पुस्तकाचा आत्मा होय. त्यांतली बरीच विरहात गेली. नंतर त्या अहमदनगरला टिळकांकडे आल्या, त्या ख्रिस्ती होण्यासाठी आल्या नाहीत. नवऱ्यापाशी राहायचे म्हणून आल्या आणि आपले सोवळे, आपला स्वयंपाक, आपले पाणी सांभाळूनच राहू लागल्या. ज्या घरात त्या वाढल्या त्या घरात वडिलांचा सोवळ्याओवळ्याचा ध्यास इतका पराकोटीचा, की बाजारातून आलेली वस्तू धुऊन घेतल्याखेरीज घरात यायची नाही. त्या वडिलांच्या विक्षिप्तपणाचे चित्र त्यांनी पुस्तकाच्या आरंभीच रेखाटले आहे, आणि ते वाचून हसू आवरत नाही. पण अशा घरातल्या मुलीने मिशनच्या वस्तीत पाय टाकणे म्हणजे काय, हे त्या हसण्यानंतरच समजते.

येथे टिळकांनी केले ते आम्हांस त्यांच्या कवितेहून मोठे वाटते. त्यांनी वाट पाहिली. तसा हा मनुष्य वाट पाहणारा मुळीच नव्हता; सगळ्या पुस्तकभर त्यांची घाई आणि उतावीळपणा आपल्याला दिसतो. पण पत्नीच्या श्रद्धेच्या बाबतीत त्यांनी तिला तिच्या चालीने चालू दिले. प्रथम लक्ष्मीबाईंचा जातीवरचा विश्वास गेला. तोही कोणाच्या प्रवचनाने नव्हे, तर पाण्याच्या रोजच्या अडचणीतून, स्वतःच स्वतःशी वाद घालून. माणसामाणसांत हा भेद घातला कोणी, असे त्यांनी स्वतःला विचारले आणि उत्तरही स्वतःच दिले. बाप्तिस्मा त्यानंतर आला. या क्रमाकडे आमच्या धर्मशिक्षकांनी पाहावे. आम्ही आधी प्रश्नोत्तरे पाठ करून घेतो आणि प्रश्न पुढे कधीतरी पडतील अशी आशा करतो.

काही वाचकांची तक्रार अशी, की प्रत्यक्ष बाप्तिस्म्याच्या निर्णयाविषयी लक्ष्मीबाई फार थोडे सांगतात. तारणाचा अनुभव, पापाची जाणीव, प्रार्थनेतील संघर्ष यांची अपेक्षा पुरी होत नाही. आम्हीही सेमिनरीतून नुकतेच बाहेर पडलो होतो तेव्हा हाच दोष काढला होता. आता तो दोष वाटत नाही. ज्या बाईने पतीच्या निधनानंतर त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य पुढे लिहिण्याचे काम अंगावर घेतले, तिला धर्मविषयक भाषा येत नव्हती असे कोण म्हणेल? तिने ती येथे वापरली नाही. आतल्या खोलीत काय झाले ते तिने आतच ठेवले. आपण बाहेरच्या ओट्यावर बसून फक्त एवढेच पाहतो, की दार आतून उघडले.

दार आतून उघडते ही गोष्ट आम्हां कॅथलिकांना उमजायला फार काळ लागला, हे कबूल केले पाहिजे. आमच्यातील कित्येक घरांची मुळे गोव्यात आहेत. त्या पूर्वजांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या मनात काय चालले होते? श्रद्धा होती, भीती होती, जमिनीचा प्रश्न होता, की सगळा गाव निघाला म्हणून तेही निघाले? कोणी लिहून ठेवलेले नाही. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. मराठीवर त्यांनी केलेल्या प्रेमाबद्दल आपण त्यांचे जन्माचे ऋणी आहोत. त्या ग्रंथात पाद्री सांगतो आणि नवे ख्रिस्ती शंका विचारतात, अशी रचना आहे. पण त्या शंकाही पाद्रीच लिहितो! ऐकणाऱ्याच्या हातात लेखणी नाही. ज्या काळात ते पुराण वाचले जात होते, त्याच काळात गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन बसलेले होते. १५६० साली स्थापन झालेले ते न्यायासन कायमचे बंद व्हायला १८१२ साल उजाडले. परमगुरुस्वामी दुसरे जॉन पॉल यांनी १२ मार्च २००० रोजी रोममध्ये, सत्याच्या सेवेच्या नावाखाली ख्रिस्तसभेच्या लेकरांनी वापरलेल्या असहिष्णू मार्गांबद्दल देवाजवळ क्षमा मागितली. त्या दिवशी आम्हांस गोवा आठवला होता.

म्हणून आम्ही म्हणतो, की ‘स्मृतिचित्रे’ हे प्रॉटेस्टंट घरातले पुस्तक असले तरी आमच्या कपाटातील एक रिकामी जागा तेच भरून काढते. बाप्तिस्मा घेणाऱ्या माणसाच्या हाती लेखणी आली, तीही एका स्त्रीच्या हाती, तेव्हा काय दिसते ते आपल्याला येथे पाहायला मिळते.

स्वतः ख्रिस्तसभेच्या शिकवणीची वाटही सरळ नाही. परमगुरुस्वामी नववे पायस यांनी १८६४ साली ज्या मतांची चुकीची म्हणून यादी प्रसिद्ध केली, त्यांत प्रत्येकाने स्वतःच्या बुद्धीला पटेल तो धर्म निवडावा हेही मत होते. टिळक तेव्हा तीन वर्षांचे होते. त्यानंतर एकशे एक वर्षांनी, ७ डिसेंबर १९६५ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने धर्मस्वातंत्र्याविषयीचा जाहीरनामा दिला : धर्माच्या बाबतीत कोणावरही सक्ती होऊ नये, कारण हे स्वातंत्र्य माणसाच्या प्रतिष्ठेतच मुळावलेले आहे. हा हक्क जो सत्य शोधण्याचे कर्तव्य पाळत नाही त्याचाही राहतो, असेही परिषदेने म्हटले. त्याच दिवशी मंजूर झालेल्या, आधुनिक जगाविषयीच्या दस्तऐवजात नास्तिकतेचा विचार आहे आणि त्यात एक कडू घोट आहे. नास्तिकता वाढण्यात श्रद्धावंतांचाही वाटा लहान नाही. शिक्षणातील हयगयीने, आपल्या जगण्यातील उणिवांनी त्यांनी देवाचे मुख दाखवण्याऐवजी झाकले असेल, असा त्याचा आशय. सेमिनरीत आम्ही हे परीक्षेसाठी वाचले आणि गुणही चांगले मिळाले.

प्रत्यक्षात काय केले ते सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, दृढीकरणाच्या वर्गातील एक मुलगा आमच्याकडे येऊन म्हणाला, की मला हा संस्कार नको. माझी खात्री नाही. सोळा वर्षांचे पोर. आम्ही त्याच्याशी तासभर बोललो, म्हणजे आम्हीच बोललो. मग आईवडिलांना बोलावले. यादी महागुरुस्वामींकडे गेलेली होती, आजी आजारी होती, आणि गावात काय म्हणतील हा प्रश्न तर होताच. मुलगा रांगेत उभा राहिला. बाप्तिस्म्याच्या वचनांची उजळणी करताना त्याचे ओठ हलत नव्हते, ते आम्ही पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले. संस्कार ग्रहण करणाऱ्याची मनोभूमिका योग्य हवी, असे धर्मसंहिता स्पष्ट सांगते. ते आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. त्या रविवारनंतर तो मंदिरात पुन्हा दिसला नाही. आणि वाईट याचे वाटते, की तो त्या दिवशी आमच्याकडे आला होता तो दार लावायला नव्हे. ज्याला कायमचे जायचे असते तो धर्मगुरूला विचारायला येत नाही.

नास्तिक म्हटला की आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढे एक उद्धट, बेताल मनुष्य उभा राहतो. त्यांच्यासाठी आमच्याच जिल्ह्यातील दुसऱ्या एका माणसाची आठवण देतो. दापोली तालुक्यातील मुरूड गावी १८८२ साली रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म झाला. महर्षी कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव उघड निरीश्वरवादी होते. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत, खटले, दंड व कर्ज सोसून, जवळजवळ एकट्याने चालवले. त्यांच्यावरील एका खटल्यात १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले होते. संततिनियमनाबद्दलची त्यांची मते आमच्या ख्रिस्तसभेच्या शिकवणीत बसत नाहीत आणि ती आम्हांस मान्य नाहीत, हे लपवण्याचे कारण नाही. पण त्या मतांपायी त्यांना गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली, ती मुंबईच्या विल्सन कॉलेजातील, म्हणजे एका ख्रिस्ती मिशनच्या कॉलेजातील, हेही लपवण्याचे कारण नाही. या दोन्ही गोष्टी कोकणातल्या एकाच किनारपट्टीच्या जिल्ह्यात जन्मलेल्या दोन माणसांच्या चरित्रांत शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात : टिळकांना ख्रिस्ती होताना नातेवाईक व समाज तुटले, कर्व्यांना स्वतःच्या बुद्धीने चालताना ख्रिस्ती संस्था तुटली. पहिली गोष्ट आपण व्याख्यानांत सांगतो. दुसरी सांगत नाही.

आपल्या देशात आज धर्मांतराचा विषय निघाला की वातावरण तापते. काही राज्यांत धर्म बदलण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांस सूचना द्यावी लागते. लक्ष्मीबाईंनी असा अर्ज भरायचा ठरवला असता तर तारीख कोणती घातली असती, याचे आम्हांस कुतूहल आहे. पाणी प्यायल्याची, की मंदिरात उभे राहिल्याची? आपण अशा कायद्यांना घटनेच्या २५ व्या अनुच्छेदाच्या आधारे हरकत घेतो आणि ती घ्यावीच. पण त्या अनुच्छेदात पहिला शब्द धर्माचा नाही, सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्याचा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये दिलेल्या निकालात हेच धरून सांगितले, की आपण कोणत्याही धर्माचे नाही असे म्हणण्याचाही नागरिकाला हक्क आहे आणि धर्म जाहीर करण्याची सक्ती सरकार करू शकत नाही. विशेष असे, की ते प्रकरण न्यायालयात नेणारे लोक नास्तिक नव्हते. ते येशू ख्रिस्तावर विश्वास ठेवणारे होते. फक्त आपल्यावर ‘ख्रिस्ती धर्म’ ही चिठ्ठी चिकटवलेली त्यांना नको होती. आमच्या एका सहकारी धर्मगुरूंना हा निकाल विचित्र वाटला. आम्हांस त्यात टिळकांचा सूर ऐकू आला. १९१७ साली मिशनचे काम सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारू पाहिला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही जागा होती. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, ते वारले. नाहीतर त्या प्रयोगाचे काय झाले असते कोण जाणे. आम्ही कॅथलिक असल्यामुळे बाप्तिस्म्याची गरज अशी पुसून टाकू शकत नाही. तथापि बाहेरून आत येण्याचे स्वातंत्र्य जे मागतात, त्यांनी आतून बाहेर जाणाऱ्याची वाट अडवू नये, इतका सरळ हिशेब तरी मानायला हवा.

आपण आपल्या लेकरांना तान्हेपणीच बाप्तिस्मा देतो. ते योग्य आहे, असे आम्ही मानतो. आई मुलाला विचारून दूध पाजत नाही. पण त्यामुळे लक्ष्मीबाईंची ती पाच वर्षे आपल्या मुलांच्या आयुष्यात बाप्तिस्म्याच्या आधी येत नाहीत, नंतर येतात; आणि ती आली की आपण घाबरतो. योहानलिखित शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात पुष्कळ शिष्य प्रभूला सोडून परत फिरतात. प्रभू त्यांच्यामागे कोणाला धाडत नाही, आपली शिकवणही सौम्य करीत नाही. उलट उरलेल्या बारा जणांना विचारतो, की तुम्हालाही जायचे आहे काय. हा प्रश्न खरा असेल तर ‘होय’ हेही त्याचे एक उत्तर असू शकते. आमच्या प्रवचनांतून तो प्रश्न आम्ही आजवर अशा रीतीने वाचला, की जणू त्याला एकच उत्तर आहे.

त्या मातेला आम्ही मुलाला समजावण्याचे वचन दिले नाही. तिला ते आवडले नाही. “मग तुम्ही कशाला आहात, फादर?” असे ती स्पष्ट म्हणाली, आणि या प्रश्नाला आमच्याजवळ तिचे समाधान करील असे उत्तर नव्हते. आम्ही तिला आमची ‘स्मृतिचित्रे’ची प्रत दिली व मधली पाच वर्षे आधी वाचा असे सांगितले. पुस्तक गेल्या आठवड्यात परत आले. पानांवर हळदीचे एक-दोन डाग आहेत, म्हणजे ते स्वयंपाकघरात वाचले गेले. लक्ष्मीबाईंना हे चालले असते. मुलाने वाचले की नाही ते आम्ही विचारले नाही.

जाता जाता तिने एवढेच विचारले, की नाताळला तो येणार आहे, तर मध्यरात्रीच्या मिस्सेला चल म्हणू की नको? आम्ही म्हटले, जरूर म्हणा, एकदाच म्हणा. नाही म्हणाला तर घराची किल्ली त्याच्याकडे देऊन तुम्ही या. परत आल्यावर दार तोच उघडील.